चिखलावरची चिठ्ठी

[दृश्य: शीतगृह. छतापर्यंत गेलेले रॅक. एक लांबट खण बाहेर ओढला जातो.]

या खणात चिखल आहे. दीड मीटर लांबीची नळी उभी चिरली आहे आणि तिच्या अर्ध्या भागात करडा गाळ निजवून ठेवला आहे. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात, ४ अंश सेल्सिअसच्या गारव्यात, समुद्रतळातून काढलेले असे १५० किलोमीटरहून जास्त लांबीचे गाभे सांभाळून ठेवलेत.

[दृश्य: चिठ्ठी, अगदी जवळून.]

नमुन्याच्या चिठ्ठीवर असं काहीतरी लिहिलेलं असतं: १५४-९२५बी-१५एच-३, ४०-४२ सेंमी.

सावकाश वाचू. १५४ ही मोहीम, १९९४ सालची. ९२५ हे ठिकाण: अटलांटिकच्या पश्चिम भागात, विषुववृत्ताजवळ, सुमारे ३,००० मीटर पाण्याखाली. बी म्हणजे तिथे पाडलेलं दुसरं छिद्र. १५ म्हणजे वरून पंधरावा गाभा. एच म्हणजे पाण्याच्या दाबाने नळी सरळ गाळात घुसवून तो काढलाय, फिरत्या पात्याने कापून नाही. त्यामुळे थर फारसे विस्कटलेले नाहीत. ३ हा त्या गाभ्याचा तिसरा तुकडा. आणि ४० ते ४२ सेंटिमीटर ही चमचाभर गाळ उचलल्याची जागा.

चिठ्ठी गळून पडली, तर उरतो फक्त चिखल. जहाज, खलाशी, महिनोन्महिन्यांची मेहनत, सगळं त्याच्यासोबत मुकं होतं.

काही भूशास्त्रज्ञ आपली सगळी कारकीर्द या चिठ्ठीसाठी देतात. सुरुवात बाकीच्यांसारखीच होते: खडक, नकाशे, जहाजावरच्या रात्रपाळ्या. मग कधीतरी ते मोजमापं करणाऱ्यांच्या बाजूने मोजमापं जपणाऱ्यांच्या बाजूला येतात. लोकांना वाटतं, यांनी विज्ञान सोडलं. मला तसं मुळीच वाटत नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा. आकड्यांचा तक्ता.]

ब्रेमेनमधलं समुद्रविज्ञान केंद्र आणि ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था मिळून ‘पॅन्जिया’ हे डेटा-भांडार चालवतात. संशोधकाने पाठवलेला तक्ता तिथे माणूस वाचतो. एका रकान्यावर नुसतं ‘खोली’ लिहिलंय. कुठून मोजलेली, समुद्राच्या पृष्ठभागापासून की तळापासून? दुसरा रकाना ‘वय’, आजच्या आधी १२,४०० वर्षं. रेडिओकार्बनच्या, म्हणजे किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या, हिशेबात ‘आज’ म्हणजे १९५० साल, हे ठाऊक नसलं तर पुढचा माणूस चुकतो. एका ओळीत समुद्राच्या पाण्याची क्षारता ३५० दिसते. संगणकाला त्यात काही खटकत नाही. समुद्र माहीत असलेला माणूस मात्र थबकतो, कारण ती साधारण ३५ असते, दशांशचिन्ह सुटलंय. आणि सगळ्यात लबाड आकडा म्हणजे उणे ९९९. त्याचा अर्थ ‘मोजमाप नाही’ एवढाच. पण तसं कुठे लिहिलं नसेल, तर तो गुपचूप सरासरीत शिरतो.

अशा बारीकसारीक गोष्टींनी काय होतं, ते ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्गला दिसलं. जर्मनीची उंची उत्तर समुद्रापासून मोजतात, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रापासून. फरक २७ सेंटिमीटर. तो सगळ्यांना ठाऊक होता, पण दुरुस्ती करताना अधिकच्या जागी उणे धरलं गेलं. २००३ साली पूल जोडायची वेळ आली, तेव्हा दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरचं अंतर निघालं.

[दृश्य: बर्फाळ किनारा. जुने हस्तलिखित तक्ते.]

आता अंटार्क्टिका. १९५७-५८ चं आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोन्हीकडे जागतिक डेटा केंद्रं उभी राहिली. एकीकडच्या नोंदी नष्ट झाल्या, तरी दुसरीकडे प्रत असावी, हा हेतू. त्याच वर्षासाठी ब्रिटिशांनी हॅली हे तळठाणं वसवलं आणि तिथे ओझोन मोजायला सुरुवात केली.

मोजमापं चालूच राहिली. कागद साचत गेले. १९७७ मध्ये जोनाथन शँकलिन हा तरुण ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेत दाखल झाला. हाताने लिहिलेल्या त्या साचलेल्या नोंदी संगणकात आणणं हे त्याच्या कामांपैकी एक होतं. कुणालाही कंटाळवाणं वाटावं असं काम. १९८३ मध्ये संस्था एक दिवस लोकांना बघायला खुली होणार होती, त्यासाठी त्याने आलेख काढायला घेतला. ओझोनमध्ये काही बदल झालेला नाही, एवढंच लोकांना दाखवायचं होतं. पण दक्षिणेकडच्या वसंतातले आकडे दरवर्षी खाली उतरताना दिसले. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. ओझोनचं छिद्र जगाला कळलं.

वर फिरणाऱ्या निम्बस-७ उपग्रहालाही ते दिसत होतं. पण १८० डॉबसन एककांखालचे (ओझोन या एककात मोजतात) आकडे ‘संशयास्पद’ अशी खूण होऊन बाजूला पडत होते. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते पुसले नव्हते. कुणीतरी मूळ नोंदी जपल्या होत्या, म्हणून त्या पुन्हा तपासता आल्या आणि छिद्राचा केवढा विस्तार आहे ते उघड झालं. १९८७ साली ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आवर घालणारा माँट्रियल करार झाला.

[दृश्य: पुन्हा शीतगृह.]

२००९ मध्ये ‘डेटासाइट’ ही संस्था स्थापन झाली आणि शोधनिबंधासारखाच डेटालाही कायमचा क्रमांक देणं रुळत गेलं. त्यामुळे तक्ता तयार करणाऱ्याचं नाव तरी तक्त्यासोबत जातं. पण तो तक्ता वाचून, प्रश्न विचारून, नीट करून ठेवणाऱ्याचं काय? बढतीच्या वेळी अजूनही बहुतेक ठिकाणी शोधनिबंधच मोजले जातात. हा अन्याय आहे, आणि तो बोलून दाखवायला हवा.

प्रत्येक गाभ्याचे दोन अर्धे होतात. एक कामाचा, त्यातून नमुने घेतात. दुसरा जपणुकीचा, त्याला सहसा सुरी लागत नाही.

[दृश्य: कामाचा अर्धा भाग. गाळात मधेमधे पांढरे ठोकळे.]

कामाच्या अर्ध्यात नमुना काढला की त्या जागी स्टायरोफोमचा तुकडा बसवतात, म्हणजे शेजारचा गाळ ढासळत नाही. तिथला चमचाभर चिखल कुणी नेला, कधी नेला आणि त्यातून कोणते आकडे निघाले, हे नोंदीत शोधलं की सापडतं.