घरपट्टी भरतो, पण उतारा कुठंय?

(दृश्य: सकाळ. पत्र्याची घरं, मागे लांबवर उंच इमारत)

हे जळगाव. मागे दिसतेय ती सतरा मजली, म्हणजे आपली महापालिका, जळगावात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाकच मारत नाही. आणि पुढं हे पत्रे. पत्र्यावर जुने टायर, टायरवर दगड, नाहीतर वावटळीत पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा दुपारी या पत्र्याखाली कुणी बसत नाही, सगळे निंबाखाली. आता तापलेला पत्रा काही कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून मावशींनाच विचारलं. त्या मूळच्या अमळनेरकडच्या. म्हणाल्या, "उन्हाळामा पत्रा भलता तपस भाऊ, भाकर टाकी दे वर, शेकाई जाई."

(दृश्य: महापालिकेचा जिना, हातात फायली, प्लास्टिकच्या पिशव्या)

पंतप्रधान आवास योजना, शहरी. 2015 च्या जूनमध्ये आली, 2024 ला तिचा दुसरा भाग आला, त्यात देशभरात आणखी 1 कोटी घरं असं टार्गेट आहे. शहराच्या वाट्याला येतं ते काम असं, की आधी मागणी मोजा, अर्ज घ्या, छाननी करा, डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल बनवा, तो राज्याकडं जाणार, तिथून दिल्लीला, आणि मंजुरी परत याच जिन्यानं वर येणार.

बिल्डरनं मोठ्या प्रोजेक्टमध्ये 20 टक्के छोटी घरं द्यायची असाही एक नियम आहे राज्यात, पण तो 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना. 2011 च्या जनगणनेत जळगाव 4 लाख 60 हजार. म्हणजे नाशिकला लागू, आपल्याला नाही. मग उरतं काय, तर बीएलसी, याच आवास योजनेतला लाभार्थ्यानं स्वतः घर बांधायचा प्रकार. तुमची जागा, तुम्हीच बांधा, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक, झाले अडीच. वर्षाला 3 लाखांच्या आत कमावणाऱ्या घराला, आणि देशात कुठंही पक्कं घर नावावर नको. देशभरात 2015 च्या योजनेतली सगळ्यात जास्त घरं याच प्रकारात मंजूर झालीत.

आता नीट ऐका, "तुमची जागा". सगळी गोम या दोन शब्दांत आहे.

(दृश्य: पिशवीतून एकेक कागद बाहेर येतोय, क्लोजअप)

ही पिशवी बघा. लाइट बिल आहे, रेशन कार्ड आहे, आधार आहे, आणि घरपट्टीच्या पावत्या, जुन्यातली जुनी तर घडीवर फाटलेली, सेलोटेप लावून ठेवलीय. मावशींना वाटतं इतकी वर्षं पट्टी भरली म्हणजे जागा आपली. तसं नसतं हो. घरपट्टी म्हणजे कर भरला याचा पुरावा, मालकीचा नाही. मालकी सांगतो उतारा, सिटी सर्व्हेचा नाहीतर सातबारा. इथं तो सरकारच्या नावावर. पलीकडच्या गल्लीत उतारा आहे पण आजोबांच्या नावावर, आजोबा केव्हाच गेले, वारस नोंद कुणी लावली नाही, आता तीन भाऊ, दोन बहिणी, एक जण सुरतेला, सगळ्यांची संमती आणा. बरं, सरकारी जागेवरच्या लोकांसाठी रस्ता आहे, 1 जानेवारी 2011 पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमित करून पट्टे, म्हणजे जागेच्या हक्काचे कागद, देता येतील असा शासन निर्णय 2018 मध्येच निघालाय. पण त्यासाठी मोजणी व्हावी लागते, पुरावे तपासावे लागतात, विकास आराखड्यात तिथं रस्ता किंवा बगिचा दाखवला असेल तर फाइल तिथंच बसते. आमचं म्हणणं एवढंच की घरांचं टार्गेट छापताना त्याच कागदावर पट्ट्यांचंही टार्गेट छापा ना.

(दृश्य: पिंप्राळा हुडको, बाइकवरून)

हा पिंप्राळा हुडको. ज्या संस्थेनं कर्ज दिलं तिचं नावच वस्तीला पडलं. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेनं 11 हजारांवर घरकुलं बांधायची ठरवली होती, पूर्ण झाली जेमतेम दीड हजार. पुढं कर्ज, घरकुल घोटाळ्याची केस, कोर्ट, 2019 चा शिक्षेचा निकाल, ते सगळं तुम्हाला माहीत आहे.

(दृश्य: खड्डा, काळी माती, मिस्त्री)

आता हे आमचं आवडतं फुटेज. ज्यांचे कागद जमले त्यांचं बांधकाम. ही काळी माती, कपाशीला सोनं, घराला वैरी. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते, वरवर पाया घेतला की दोन वर्षांत भिंत तडकलीच समजा. म्हणून मिस्त्री खोल उतरलाय, खाली मुरूम टाकतोय, पाणी मारतोय, धुम्मसनं ठोकतोय, परत मुरूम. अनुदानातला मोठा घास इथं जमिनीखालीच जातो आणि फोटोत दिसतो फक्त जोता. 30 चौरस मीटरचं घर, म्हणजे सव्वातीनशे फुटाच्या आसपास, आणि अडीच लाखात ते होत नाही हे मिस्त्रीला विचारायचीही गरज नाही. वरचे पैसे बचत गटाचे, व्याजाचे, गहाण पोतीचे.

(दृश्य: मोबाइल धरलेला हात)

पैसे एकदम मिळत नाहीत. पाया झाला, फोटो. दार-खिडक्यांवरचं लिंटल आलं, फोटो. स्लॅब पडला, फोटो. याला जिओ टॅगिंग म्हणतात, फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश चिकटतात, तो अपलोड झाला की पुढच्या हप्त्याची फाइल हलते. फ्लॅटवाली स्कीमही आहे, तिचं शूटिंग आम्ही केलेलं नाही.

(दृश्य: स्लॅब, संध्याकाळ)

स्लॅब काल पडला. वर मालाच्या बारीक पाळी घालून आळी केलीत, त्यात या घरच्या दुसऱ्या मावशी हंड्यानं पाणी भरतायत, ऊन असं की सकाळी भरलेलं दुपारपर्यंत अर्धं. जुना पत्रा खाली भिंतीला टेकवून ठेवलाय, विकला नाही अजून. इंजिनिअर साहेब समोरच्या ओट्यावर चढलेत, मोबाइल आडवा केलाय.

"मावशी, हंडा खाली ठेवा. थोडं डावीकडं. घर पूर्ण आलं पाहिजे."