महाराजांची ड्यूसेनबर्ग आणि महूची एमजी

[दृश्य: माणिकबाग, सकाळ. फाटकातून आत जाणाऱ्या सरकारी गाड्या.]

इंदूरच्या माणिकबागेत आज केंद्रीय जीएसटीचं कार्यालय आहे. व्यापारी मंडळी इथे नोटिशीचं उत्तर घेऊन येतात आणि काम उरकलं की लगेच निघतात, वर बघायला कुणाला सवड नसते. पण 1930च्या दशकात या इमारतीची छायाचित्रं युरोपात कौतुकाने बघितली जात होती. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाने ती यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी उभारली. महाराजही तेव्हा जेमतेम विशीतले, ऑक्सफर्डला शिकून आलेले. घरातल्या खुर्च्या-दिव्यांपासून अंगावरच्या सुटापर्यंत सगळं त्यांना नव्या जमान्याचं लागे.

गाड्यांचंही तसंच. इंडियानापोलिसच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेली चासी, म्हणजे चाकं-इंजिनासकट नुसता सांगाडा, मागवली, ती लंडनच्या गर्नी नटिंगकडे बॉडी चढवायला गेली. रंग नारिंगी आणि काळा. पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळपास 3.9 मीटर अंतर, आणि एवढ्या लांबलचक गाडीत बसायला माणसं दोन! संस्थानी थाट म्हणतात तो हा.

ही गाडी आता इंदुरात नाही, ती कधीच परदेशी गेली. महालातलं फर्निचरही 1980 मध्ये मोनॅकोत लिलावाला निघालं. तेव्हा कुणी फारशी हळहळ केली असेल असं वाटत नाही. संस्थानं विलीन झाली होती, 1971 मध्ये तनखेही बंद झाले होते, आणि पेट्रोल पिणारी जुनी गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती.

आता 1935 सालची, त्याच कंपनीची दुसरी एक गाडी बघा. ड्यूसेनबर्गने आखूड चासीच्या दोनच 'एसएसजे' बनवल्या. दोन्ही हॉलीवूडच्या नटांकडे गेल्या: एक गॅरी कूपरकडे, दुसरी क्लार्क गेबलकडे. कूपरवाली ऑगस्ट 2018 मध्ये कॅलिफोर्नियात लिलावाला आली आणि 2 कोटी 20 लाख डॉलरला गेली. म्हणजे दीडशे कोटी रुपयांच्या वर.

[दृश्य: लिलावाच्या सभागृहाची छायाचित्रं.]

हे भाव पहिल्यापासून असे नव्हते. फेरारी 250 जीटीओ घ्या. 1962 ते 1964 या काळात या गाड्या बनल्या जेमतेम तीन डझन, किंमत सुमारे 18,000 डॉलर. शर्यतीची गाडी दोन-तीन हंगामांत जुनी होते, तशा याही झाल्या. त्यातली एक टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला दान मिळाली, कशाला, तर पोरांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवायला. शाळेने ती 1972 मध्ये 6,500 डॉलरला विकली. नव्या मालकाने ती ओहायोतल्या एका मोकळ्या शेतात ट्रेलरवर ठेवून दिली आणि तिने कित्येक वर्षं ऊन-पाऊस-बर्फ खाल्ला.

तसलीच एक जीटीओ 2018 मध्ये 4 कोटी 84 लाख डॉलरला विकली गेली.

हा आलेख सरळ वर चढलेला नाही, हे मात्र विकणारे सांगत नाहीत. ऑगस्ट 1988 मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले. जपानमध्ये तेव्हा पैसा उतू जात होता. दीड-दोन वर्षांत जीटीओचा भाव एक कोटी डॉलरच्या पुढे गेला. मग जपानचा फुगा फुटला आणि काही वर्षांत तीच गाडी एक तृतीयांश किमतीलाही कुणी घेईना. ज्यांनी कर्ज काढून घेतल्या होत्या ते बुडाले. त्यामुळे 'जुनी गाडी म्हणजे सोनं' असं कुणी सांगू लागलं, तर त्याला 1990 साली काय झालं ते विचारावं.

टोकाचं उदाहरण मर्सिडीजचं. 1955ची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे. जगात दोनच, दोन्ही कंपनीच्याच ताब्यात. मे 2022 मध्ये कंपनीने त्यातली एक श्टुटगार्टच्या आपल्या संग्रहालयात, निवडक लोकांना बोलावून विकली. 13 कोटी 50 लाख युरो, त्या वेळच्या दराने साधारण 1,100 कोटी रुपये.

[दृश्य: इंदूर. रामबागेजवळची अरुंद गल्ली. शटर अर्धं वर.]

आता जमिनीवर येऊ. या गॅरेजमध्ये उभी आहे ती एमजी टीसी, छोटी इंग्रजी स्पोर्ट्स कार. 1945 ते 1949 या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा दहा हजार गाड्या बाहेर पडल्या. साडेबाराशे सीसीचं इंजिन, 19 इंची तारांची चाकं. पत्र्याखाली सांगाडा लाकडाचा, त्यामुळे इथे डेंटरच्या आधी सुताराला बोलवावं लागतं. ही गाडी महूच्या छावणीतून आली, असं मालक काका सांगतात. त्यांच्या वडिलांनी ती एका फौजी अधिकाऱ्याकडून घेतली होती.

उस्ताद कामाला लागलेत. इंजिनाला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे भाग. दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही, हे बघायला त्यांच्याकडे यंत्र नाही. हातभर लांबीची रबरी नळी आहे. तिचं एक टोक कानात, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूंऽऽ असा आवाज येतो. मग तेच टोक दुसऱ्यापाशी. तिथला आवाज जाडसर. उस्ताद स्क्रू पाव फेरा फिरवतात, पुन्हा ऐकतात, पुन्हा फिरवतात. गल्लीत कुणी हॉर्न वाजवला की शिवी हासडतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. दहा मिनिटांनी इंजिनाची थरथर थांबते, बोनेटवर ठेवलेला पाना हलायचा बंद होतो.

"झालं," ते म्हणतात. "आता आठवड्यातून एकदा तरी चालवा काका, नाहीतर पुन्हा तेच."

बरोबरच आहे. उभ्या गाडीतलं पेट्रोल चिकट होतं, रबराचे सील वाळतात, ब्रेक धरून बसतात. दुसरीकडे 2021 मध्ये अमेरिकेत जी मॅकलॅरेन एफ-वन (शर्यतीची नव्हे, रस्त्यावरची गाडी) 2 कोटी डॉलरच्या वर गेली, तिची सगळी मिजास ही की पाव शतकात ती चारशे किलोमीटरही चालली नव्हती. ताशी 380च्या वर पळणारी गाडी, आणि न पळाल्याबद्दल तिला पैसे! इंदुरी माणूस यावर एवढंच म्हणेल, "काय बोलायचं, भिया."

मग काकांच्या एमजीचा भाव काय? खरं सांगायचं तर, फार नाही. युरोप-अमेरिकेत या गाडीवर जीव टाकणारी पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे, आणि तिच्याबरोबर मागणीही ओसरते आहे. पंधराव्या वर्षी भिंतीवर जिचं चित्र लावलं ती गाडी माणूस पन्नाशीत, हातात पैसा आल्यावर घेतो. बाजाराचं अर्धं गणित एवढंच. म्हणून आज 1990च्या दशकातल्या गाड्या वर चढताहेत: एअर-कूल्ड इंजिनाच्या शेवटच्या पोर्शे 911, निसानची स्कायलाइन जीटी-आर. स्कायलाइन तर कित्येकांनी रस्त्यावर पाहिलीच नव्हती, व्हिडिओ गेममध्ये चालवली होती. त्यात अमेरिकेत 25 वर्षं जुनी झाल्याशिवाय अशी गाडी सहजी आणता येत नाही, त्यामुळे ती मुदत भरत आली की भाव उसळतो. आपल्याकडे यामाहाच्या आरएक्स 100 मोटारसायकलचं हेच झालंय. कॉलेजात असताना जिच्यासाठी वडिलांशी भांडले, तिला आता लाखाच्या वर मोजतात.

उरलेलं अर्धं गणित कागदांचं. 2015 मध्ये पॅरिसला बायोन कुटुंबाच्या 59 गाड्या लिलावाला आल्या. फ्रान्समधल्या एका शेतघराच्या आवारात त्या अनेक दशकं सडत होत्या. त्यातल्या एका फेरारी कॅलिफोर्निया स्पायडरवर तर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. ती धूळ न पुसता लिलावात उभी केली आणि 1 कोटी 60 लाख युरोच्या वर गेली. कारण इंजिन तेच, चासी तीच, आणि एकेकाळी ती नट आलँ देलाँकडे होती याचा पुरावा हाताशी. आपल्याकडे अशी गाडी सापडली, तर घरचे पहिल्यांदा काय करतील? पेंटरला बोलावतील. चकचकीत लाल रंग, नव्या रेक्झिनच्या सीटा, आणि किंमत तिथेच निम्मी.

[दृश्य: काकांची फाइल. पिवळं पडलेलं आरसी बुक.]

काकांना गाडी विकायची नाही, नियमात बसवायची आहे. 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की रोजच्या कामाला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढंच. उस्तादांचा 'आठवड्यातून एकदा' या अटीत कसा बसवायचा, ते काकांनी बघावं!

2025 मध्ये आयातीचा नियमही सैल झाला. आधी 1950 पूर्वीच्याच गाड्या विनापरवाना आणता येत, आता पन्नास वर्षं उलटलेली कोणतीही. म्हणजे जॅग्वार ई-टाइप, 1973ची पोर्शे कॅरेरा आरएस यांना दार उघडलं. करांचा बोजा बघता ते कुणासाठी, हे वेगळं सांगायला नको.

अर्जासाठी चासी नंबरचा ठसा हवा. उस्ताद तेल पुसतात, वर पातळ कागद धरतात आणि पेन्सिल आडवी घासतात. टी, सी, मग आकडे. टीसीचे नंबर 0251पासून सुरू होतात, कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर 251 होता. इंग्रजांचा विनोद!

इंजिन नंबरपाशी मात्र गाडं अडतं. तो एका अष्टकोनी पितळी बिल्ल्यावर कोरलेला असतो, आणि बिल्ल्याच्या जागी फक्त रिव्हेटची भोकं उरलीत. इंजिन कधीतरी बदललं, की नुसता बिल्ला गळून पडला, हे सांगणारं आता कुणी नाही. जुन्या आरसी बुकात आकडा आहे, तोही अर्धा पुसट.

"काका, सराफ्यात असा बिल्ला एका दिवसात करून देतील," उस्ताद म्हणतात. "आकडाही हवा तो."

काका चष्मा काढून भोकांकडे बघतात.

"नको. आहे ते लिहू. बिल्ला नाही, असंच लिहू."

"मग भाव पडेल."

"पडू दे. कार्बोरेटर झालाय ना? बसा, राजवाड्यापर्यंत जाऊन येऊ. पेट्रोल भरायचंच आहे."