चार बोटं कमी

सकाळचे सव्वासहा. नाशिकचा गोदाघाट, पण रामकुंडापासून बराच खाली, जिथे पूजेची गर्दी नसते आणि आम्ही कुणाच्या मध्ये येत नाही. ही जी मुलगी दोन्ही हात मागे नेऊन उभी आहे ना, ती गेली दहा मिनिटं अशीच उभी आहे. हात पुढे येतात, गुडघे वाकतात, टाचा उचलतात, आणि परत खाली टेकतात. समोर दगडी कट्टा, मध्ये मोकळी जागा, तीनेक फूट खाली पायरी. अंतर तिची सात पावलं, म्हणजे बुटाला बूट लावून मोजलेली सात, आम्ही पार्कोरवाले असंच मोजतो. पार्कोर म्हणजे भिंती, कट्टे, पायऱ्या अशा अडथळ्यांवरून धावत, चढत, उड्या मारत जायचं. काल हिनेच मैदानात खडूच्या दोन रेघा मारून आठ पावलांची उडी मारलीये, एकदा नाही, वीसेक वेळा. म्हणजे पायात ताकद आहे. मग अडलंय कुठं?

मला माहितीये कुठं, कारण मी पण तिथेच अडकून होतो, जवळजवळ वर्षभर.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. एका भिंतीवरून काँग मारत होतो, काँग म्हणजे दोन्ही हात भिंतीवर टेकवायचे आणि दोन्ही पाय हातांच्या मधून पुढे काढायचे, माकड काढतं तसे. डाव्या बुटाचं टोक अडकलं आणि पलीकडे मनगटावर पडलो. सहा आठवडे प्लास्टर. आईला, डॉक्टरांना, मित्रांना, सगळ्यांना एकच सांगितलं, भिंत ओली होती. ओली होतीच. पण एका मित्राने शूट केलं होतं, आणि तो व्हिडिओ मी कितीतरी महिने उघडलाच नाही. उघडला तेव्हा दिसलं की शेवटची दोन पावलं मी बारीक टाकलीत, वेग तिथेच गेलाय, आणि माझी मान भिंतीकडे नाहीच, मान फोनकडे आहे. कोण बघतंय ते बघत होतो मी, आणि भिंत राहिली बाजूला.

प्लास्टर निघालं आणि मी गुडघ्याएवढ्या कट्ट्याला घाबरायला लागलो. खरं सांगायचं तर दुखेल याची भीती थोडी होती, परत पडलो तर घरचे "सांगितलं होतं ना" म्हणतील, ग्रुपमधली पोरं हळूच एकमेकांकडे बघतील, त्याची खूप होती. आपल्याकडे चुकलं की माणूस आधी इकडेतिकडे बघतो, कुणी बघितलं का म्हणून, आणि चुकलं काय ते बघायचं राहूनच जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चांगली चांगली पोरं या एकाच गोष्टीपायी सोडून गेलीत, एकालाही मोठं लागलेलं नव्हतं.

हा दुतोंड्या मारुती, गोदावरीच्या पात्रात उभी असलेली मारुतीची उंच मूर्ती. नाशिकच्या माणसाला याची ओळख करून द्यायला नको. गोदावरीला पूर आला की आपण आकडे नंतर विचारतो, आधी विचारतो मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं. गुडघ्याला, कमरेला, छातीला. नुसतं "लई पाणी आलंय" म्हटलं की पोटात गोळा येतो आणि काय करायचं ते सुचत नाही, पण कमरेला म्हटलं की काठावरचा दुकानदार ठरवू शकतो, सामान वर न्यायचं का अजून थांबायचं. पाणी तेवढंच असतं. माझं पण तसंच झालं. "भीती वाटतेय" एवढंच म्हणत बसलो होतो तोवर हललो नाही, मग मी विचारायला लागलो, कशाची, किती, कुठल्या पायाची.

पडणं पण मोजता येतं हे तिथून लक्षात आलं. एक मीटर उंचीवरून उडी मारली तर जमिनीला टेकताना वेग ताशी साधारण 16 किलोमीटर असतो. तो वेग पाच सेंटिमीटरमध्ये थांबवला, म्हणजे पाय ताठ ठेवून धपकन उतरलं, तर शरीराला बसणारा झटका पन्नास सेंटिमीटरमध्ये थांबवण्याच्या दहापट. म्हणून चवड्यावर उतरायचं, गुडघे वाकवत बसत जायचं, आणि वेग जास्त असेल तर रोल, एका खांद्यावरून पाठीवर तिरकं, दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. डोकं नाही टेकवायचं, कणा पण नाही. आणि बरोबर उतरलं की आवाज होत नाही. घाटावर ही कबुतरं असतात ना, ती आमची परीक्षक, उडाली तर उडी चुकली.

लहानपणी ज्या वस्तादांकडे मल्लखांब शिकलो, ते पहिले कितीतरी दिवस फक्त उतरायलाच लावायचे. तेव्हा वैताग यायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने उभा केला, म्हणजे सुटायचं कसं, सावरायचं कसं ही विद्या आपल्याकडे दोनशे वर्षं तालमीच्या मातीत आहेच.

पार्कोर फ्रान्सचं. पण त्याचं मूळ स्टंटमध्ये नाही हे मला आवर्जून सांगायचंय. 1902 मध्ये मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखी फुटला, सेंट पिएर शहर गेलं, हजारो माणसं मेली. जॉर्ज एबेर नावाचा नौदलातला अधिकारी तेव्हा तिथल्या बचावकामात होता, आणि पुढे त्याने धावणं, चढणं, उडी, तोल अशा साध्या हालचालींची एक पद्धत बसवली, मजबूत व्हा म्हणजे उपयोगी पडाल हे त्याचं सांगणं. ती पद्धत सैन्यातून रेमों बेलपर्यंत पोचली, तो पॅरिसच्या अग्निशमन दलातला जवान, आणि त्याच्याकडून मुलाकडे, डेव्हिड बेलकडे. पॅरिसजवळच्या लिस गावात डेव्हिड आणि त्याच्या मित्रांनी त्याचं पार्कोर केलं. आगीत शिरणाऱ्या माणसाला आपली उडी किती पावलांची आहे हे नक्की माहीत असावं लागतं, अंदाजे चालत नाही.

आता परत तिच्याकडे बघा. ती खाली उतरलीये. समोरच्या कट्ट्याजवळ जाऊन वाकून दगडावरून अंगठा फिरवतेय, तो अंगठा हिरवा झालाय. शेवाळ. म्हणजे दहा मिनिटं तिचे पाय नाही म्हणत होते त्यात तथ्य होतं. ती दोन हात बाजूला सरकते, तिथला दगड हाताने घासून बघते, कोरडा, मग सात पावलं परत मोजते. कुणी काही बोलत नाही, मी पण नाही. "मार ना, काही होत नाही" हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये कुणी वापरायचं नाही असं ठरलंय.

ती उडी मारते.

कमी पडली. चवडे कडेला लागले, ती मागे ढकलली गेली, पण हात कट्ट्यावर आले आणि पाय खालच्या पायरीवर, सरळ, वाकलेल्या गुडघ्यांवर. हे तिने तीन महिने शिकलंय, उडी हुकली तर कुठं जायचं. ती तिथेच उभी राहून कट्ट्याच्या कडेवर आपला बूट कुठं घासला ते शोधते, काळ्या दगडावर रबराची बारीक खूण असते, आणि त्या खुणेपासून वरपर्यंत बोटं ठेवून मोजते.

"दादा, चार बोटं कमी."

"का?"

"हात उशिरा आले वाटतं. दाखव ना."

आम्ही दोघं फोनवर डोकं घालून तेच तीन सेकंद सहा वेळा बघतो. हात उशिराच आलेत.

दुसरी उडी, दोन बोटं कमी. तिसरी लागली पण तोल गेला, खाली उतरली. चौथी, दोन्ही पाय कट्ट्यावर, गुडघे वाकलेले, हात पुढे, आणि ती हलत नाही. मी कॅमेऱ्यामागे श्वास धरून आहे. पलीकडच्या ओट्यावरची कबुतरं फडफडत उडतात.

ती त्यांच्याकडे बघते, "आवाज झाला" म्हणते, आणि परत सुरुवातीच्या कट्ट्यावर जाऊन उभी राहते.