पाळी तर येते की!

नमस्कार मैत्रिणींनो. ओटा पुसून झाला असेल तर पाच-सात मिनिटं बसूनच ऐका. आणि घरातल्या पुरुषमंडळींनी रेडिओजवळून उठायचं कारण नाही, त्यांच्याही कामाचं आहे.

मागे एक बाई माझ्या दवाखान्यात जाडजूड फाईल घेऊन आल्या. वय 46. फाईलमध्ये हृदयाच्या तपासण्या, दोन ईसीजी, एक टूडी एको, सगळं नॉर्मल. तक्रार अशी, की पहाटे तीनला दचकून जाग येते, छातीत धडधडतं, अंगातून वाफा निघतात आणि आता काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहतं. काय घडणार, विचारलं, तर म्हणाल्या, “तेच तर कळत नाही मॅडम. मुलगा पुण्याला सुखरूप आहे, घरात भांडण नाही. पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकते मी.” कुणीतरी सांगितलं होतं, मन रमवा, देवाचं करा. देवाचं तर त्या वीस वर्षं करतच होत्या.

मी पाळीचं विचारलं. “ती येते की!” दर महिन्याला? “मागे बावीस दिवसांनीच आली, मग पन्नास दिवस पत्ता नव्हता. पण येते.”

सगळा घोळ या ‘येते की’मध्ये आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की आपण म्हणतो, पाळी गेली. आपल्याकडे साधारण 46-47 व्या वर्षी ती जाते, पाश्चात्त्य देशांत 51 च्या आसपास. पण त्याआधीची काही वर्षं, बहुतेकींची चार, काहींची आठसुद्धा, हा संधिकाळ असतो. मनाचा त्रास पुष्कळदा याच काळात डोकं वर काढतो. पाळी चालूच असते, म्हणून संबंध कुणी जोडत नाही. ना ती बाई, ना घरचे, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही अनेकदा नाही.

या काळात शरीरात नेमकं काय चालतं? लोकांना वाटतं, हार्मोन संपले. तसं नसतं. शेतावरची मोटर आठवा. व्होल्टेज सारखं वरखाली झालं की ती जळते. इथेही इस्ट्रोजेन सरळ उतरत जात नाही. एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त वर चढतं, पुढच्या महिन्यात धाडकन खाली येतं. मन शांत ठेवणारं सेरोटोनिन या इस्ट्रोजेनच्या तालावर चालतं, त्यामुळे त्याचाही ताल चुकतो. दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन. ज्या महिन्यात बीज सुटत नाही, त्या महिन्यात ते फारसं तयारच होत नाही. या प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा एक पदार्थ मेंदूत गाबा नावाच्या ब्रेकला जोर देतो. झोपेच्या काही गोळ्यासुद्धा हाच ब्रेक दाबतात. तो सैल पडला की कुकरच्या शिट्टीचाही दचका बसतो. त्यात मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, जरा उकडलं की घाम फुटतो. रात्री घामाने झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड ठरलेलीच. मग घरातले म्हणतात, हिला हल्ली काय झालंय!

सगळ्याच बायकांना हे होत नाही. पाळीच्या आधी जिची चिडचिड व्हायची, बाळंतपणानंतर जी उदास झाली होती, आधी कधी नैराश्य येऊन गेलं होतं, तिला धोका जास्त. शिवाय हे वयच असं, की मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे आणि कर्जाचे हप्ते एकदमच दारात उभे असतात. तो ताण खराच असतो, हार्मोनवर ढकलून तो हलका होत नाही.

एक वेगळी गोष्ट सांगते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याचं 2019 साली गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर चार-पाच वर्षांचा हा उतार एका ऑपरेशनमध्ये कोसळतो. तिशीतल्या बाईला घाम, धडधड, रात्रीची जाग सुरू होते. कोयता हातात असताना हे कुणाला सांगायचं?

आता करायचं काय? आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासा. यातलं कुठलंही बिघडलं तरी धडधड होते. पण या वयात चालताना छातीत दुखलं, दम लागला, तर पाळीचं म्हणून सोडून देऊ नका. हार्मोनच्या तपासणीसाठी एकदाच रक्त देऊन फारसं कळत नाही, कारण आकडा आज एक तर पुढच्या महिन्यात दुसराच. या त्रासावर हार्मोनच्या गोळ्याही देतात. त्यांची भीती 2002 सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर बसली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. नुकती पाळी गेलेल्या बाईचं गणित वेगळं असतं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना या गोळ्या सहसा देत नाहीत. नैराश्यावरच्या काही गोळ्या वाफाही कमी करतात, आणि समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. मन फारच खचलं तर टेली मानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा फोन मोफत आहे, रात्रीसुद्धा. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

त्या बाईंना औषधाआधी मी एक काम दिलं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहायची आणि रात्री जाग आली की पुढे ‘जा’. दोन महिन्यांनी त्या दोन पानं घडी करून घेऊन आल्या. सिलिंडर कधी लागला, दूध कोणत्या दिवशी नव्हतं, आणि त्यात अकरा ‘जा’. दोन वगळता सगळे पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळा झालेले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मी वेडी नाही तर!”

नमस्कार.