कोलॅजेन पेशीला काय सांगतं?

नमस्कार श्रोतेहो.

जखम झाली की शरीर डागडुजीला लागतं. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेन हे चिवट प्रथिन तयार करतात, जखम भरून येते आणि पेशी शांत होतात. काही रुग्णांत मात्र त्या थांबतच नाहीत. फुप्फुसात, मूत्रपिंडात, यकृतात कोलॅजेन साचत जातं आणि अवयव राठ होतो. हा फायब्रोसिस. फुप्फुसाचा फायब्रोसिस असलेल्या रुग्णाच्या पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला, तर श्वास आत घेताना वेल्क्रोची पट्टी उकलावी तसा चरचर आवाज ऐकू येतो.

या पेशी थांबत का नाहीत? एक धागा सापडला १९९७ साली. पेशीच्या पृष्ठभागावरचे डीडीआर-१ आणि डीडीआर-२ हे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे इशारे टिपणारी प्रथिनं, तोवर ठाऊक होते, पण त्यांना जागं कोण करतं ते माहीत नव्हतं. दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की ते काम खुद्द कोलॅजेन करतं. त्यातही कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्या लागतात. पीळ सुटून त्याचं जिलेटिन झालं, की रिसेप्टर दाद देत नाही. याच कुळातले बाकीचे रिसेप्टर काही मिनिटांत चेततात. यांना तास लागतात, पण एकदा चेतले की बराच वेळ चेतलेलेच राहतात. मला हीच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. साचलेलं कोलॅजेन नुसतं पडून राहत नाही, ते शेजारच्या पेशींना सतत इशारे देत असतं.

डीडीआर-१चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मूत्रवाहिनी बांधून मूत्रपिंडाला मुद्दाम इजा केल्यावर तिथे कोलॅजेन कमी साचलं. फुप्फुसाला इजा करणारं ब्लिओमायसिन हे औषध देऊनही त्यांची फुप्फुसं बरीच वाचली. म्हणून दोन्ही रिसेप्टर सरसकट बंद करावेत का? नाही. डीडीआर-२ नसलेल्या उंदरांच्या यकृताला दीर्घकाळ इजा केली, तेव्हा फायब्रोसिस उलट वाढला.

रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध या दोघांनाही रोखतं. ते फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर वापरून पाहिलं गेलं, अर्थात मुख्य रोख दुसऱ्याच एका रिसेप्टरवर होता. २०१० साली निष्कर्ष आला: रुग्णांना फायदा नाही. आता फक्त डीडीआर-१ला रोखणाऱ्या रेणूंचा शोध चालू आहे.

तोवर फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर पिर्फेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं आहेत. ती आजाराचा वेग कमी करतात, पण राठ झालेला भाग पूर्ववत करत नाहीत. म्हणून कोरडा खोकला आठवडेच्या आठवडे जात नसेल, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना छाती तपासायला सांगा.