ऊस, तूर आणि तुमचा निबंध

नमस्कार मंडळी. कॉलेजची असाइनमेंट असो नाहीतर यूपीएससीचा पेपर, एखादी बाजू मांडायचा निबंध म्हटलं की आपली पोरं काय करतात, चार ठिकाणचे उतारे गोळा करतात, अमुक अहवाल म्हणतो, तमुक तज्ज्ञ म्हणतात असं एकाखाली एक लावतात आणि शेवटी "सुवर्णमध्य साधायला हवा" लिहून मोकळी होतात. अरे पण तुझं म्हणणं काय?

आज एकच विषय घेऊया, मराठवाड्यात उसावर बंदी घालावी का. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आठवलं की वाटतं घालाच बंदी. त्यात कृषी मूल्य आयोगाचा तो फेमस आकडा सापडतो, की पिकाखालच्या जमिनीपैकी 4 टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी घेतो. झालं, पोरं बिनधास्त लिहितात "मराठवाड्याचं 70 टक्के पाणी ऊस पितो". पण तो आकडा अख्ख्या महाराष्ट्राचा आहे, आणि सिंचनाच्या पाण्याचा आहे, सगळ्या पाण्याचा नाही. तपासणाऱ्याने एवढं पकडलं की पुढचं सगळं संशयात. आणि हाच आकडा पाच पेपरांत छापून आला म्हणून पाच सोर्स होत नाहीत बरं का, तो एकच.

आता विरुद्ध बाजूचा सोर्स शोधा, आणि शोधायचा तर दमदार शोधा. शेतकरी एवढं पाणी लागणारं पीक घेतो कशाला? उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्याने निदान एवढा तरी द्यायचाच असा सरकारने ठरवलेला भाव, आणि कारखान्याने 14 दिवसांत पैसे द्यायचे असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पैसे थकतात हेही खरंय, पण गिऱ्हाईक ठरलेलं असतं. याउलट उसाऐवजी कमी पाण्यावर येणारी तूर घ्यावी म्हटलं, तर 2017 ची तूर बघा. हमीभाव बोनस धरून 5050 रुपये क्विंटल, पीक बंपर, बाजारात भाव त्याच्या खाली, आणि सरकारी खरेदी केंद्रावर बारदानाच नाही म्हणून तुरीचे ट्रॅक्टर रांगेत उभे.

हे दोन सोर्स समोरासमोर बसवले की तुमचं मतच थोडं सरकतं, आणि खरी मजा तिथेच आहे. मग वाक्य असं येतं: "ऊस पाणी खातो हे खरं, पण तुरीची खरेदी पक्की केल्याशिवाय उसावर बंदी घातली तर शेतकरी दोन्हीकडून मरतो." हे वाक्य आयोगाचंही नाही, शेतकरी संघटनेचंही नाही, ते तुमचं आहे. ते पहिल्याच परिच्छेदात टाका आणि "सुवर्णमध्य" खोडून टाका, प्लीज.

यावर कुणी म्हणेल की बीडहून दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडणारे ऊसतोड मजूर यात कुठेच आले नाहीत. बरोबर आहे त्याचं. ऊस कमी झाला तर त्यांच्या हाताला काम काय, याचं उत्तर वरच्या वाक्यात नाहीये, तेव्हा ते वाक्य परत लिहायला घ्या.