खुर्ची मिळाली, पण कागद कधी मिळणार?

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना वाटा असावा का, हा वाद फार जुना आहे. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याला विद्यार्थ्यांचे संघ रेक्टर, म्हणजे प्रमुख, निवडत आणि व्याख्यान उशिरा सुरू करणाऱ्या अध्यापकाला दंडही करत. पॅरिसला सूत्रं अध्यापकांच्या हाती होती. १९१८ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांनी कारभारातला वाटा मागत आंदोलन केलं. पुढे ती मागणी लॅटिन अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मान्य झाली.

वाटा असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. समजा, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत निकालापासून दहा दिवस आहे आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत हातात पडते पंधराव्या दिवशी. एक नियम परीक्षा विभागाचा, दुसरा अभिलेख कक्षाचा. आपापल्या जागी दोन्ही बरोबर. ते एकमेकांना छेद देतात, हे खिडकीशी रांगेत उभ्या राहिलेल्यालाच कळतं. अशी माहिती बैठकीत दुसरं कोण आणणार?

पण विद्यापीठाचे निर्णय घेणाऱ्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीला नुसती खुर्ची देऊन भागत नाही. दोनशे पानांची विषयपत्रिका आदल्या रात्री येते. शुल्कवाढीचा आकडा वित्त समितीत आधीच ठरलेला असतो, परिषदेत फक्त शिक्का बसतो. वीस जणांत एकटा प्रतिनिधी, तोही वर्षभरासाठी. अंदाजपत्रक वाचायला शिकेपर्यंत त्याची मुदत संपते. त्यात कागदांवर ‘गोपनीय’ लिहिलेलं, म्हणजे ज्यांनी निवडून दिलं त्यांना विचारायचीही सोय नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते खर्चिकही नाहीत. किमान दोन प्रतिनिधी घ्या. मुदत दोन वर्षांची ठेवा आणि दर वर्षी एकच जागा भरा, म्हणजे जुना नव्याला तयार करतो. कागद सात दिवस आधी द्या. बैठकीपूर्वी कुलसचिव आणि वित्त अधिकाऱ्यांनी तासभर बसून आकडे समजावून सांगावेत. बैठकीचा दिवस हजेरीत धरा, नाहीतर प्रात्यक्षिक बुडवायचं की बैठक, हा पेच दर वेळी उभा राहतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वित्त समितीत आणि अभ्यासमंडळात जागा द्या. खरे निर्णय तिथेच आकार घेतात.

मग सगळ्याच विषयांवर मत द्यावं का? माझ्या मते, नाही. प्रश्नपत्रिका, एखाद्याचे गुण, एखाद्या अध्यापकाची नेमणूक, इथे हितसंबंध आड येतात. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७३ साली विद्यार्थ्यांचा सहभाग मान्य केला. मात्र संशोधन आणि प्राध्यापकांच्या नेमणुकांत प्राध्यापकांचाच प्रभाव निर्णायक राहिला पाहिजे, असं बजावलं. ही रेषा मला योग्य वाटते. अर्थात नेमणुकीत मत नसलं, तरी शिकवण्याविषयीचा विद्यार्थ्यांचा अभिप्राय निवड समितीसमोर जायलाच हवा.

नव्याने निवडून आलेल्या प्रतिनिधींनी पहिल्या बैठकीआधी मागच्या वर्षभराची इतिवृत्तं मागून घ्यावीत. ‘पुढील बैठकीत ठेवावा’ असा शेरा असलेले विषय खुणा करून काढावेत. त्यातले कितीतरी पुन्हा पटलावर आलेलेच नसतात. एक निवडा, लेखी प्रस्ताव द्या, पोच घ्या. आणि विरोधात मत दिलंत तर ते कारणासह इतिवृत्तात नोंदवायला सांगा; पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्याआधी ती नोंद स्वतः वाचून पाहा.